एलएलबीचा अर्ज: यंदा की पुढच्या वर्षी?

अंधेरीत नोकरी, बोरिवलीत घर आणि मनात वकिली. मग अर्ज यंदा करावा की थांबावं? तीन वर्षांच्या एलएलबीसाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. खुल्या वर्गाला पदवीत किमान 45 टक्के गुण हवेत. पदवीच्या शेवटच्या वर्षात असाल, तरी परीक्षा देता येते. सीईटीला वयाची अट नाही, त्यामुळे घाई नको. मात्र बार कौन्सिलच्या नियमानुसार 70 टक्के हजेरी लागते. लोकलच्या गर्दीत नोकरी आणि वर्ग दोन्ही जमतील का, हे आधी तपासा. वेळ आणि फी यांचा मेळ बसत असेल, तर अर्ज भरा. नसेल, तर वर्षभर थांबून अभ्यास करा.