कागदी घर आणि रात्रीचा पाहुणा

गांधीलमाशीच्या नांगीचा प्रसाद ज्याला एकदां मिळाला आहे, त्याला तिच्या घरांत शिरून कोणी तिचीं पिलें फस्त करतो, हें सहसा खरें वाटणार नाहीं. उत्तर अमेरिकेंतील एका लहानशा पतंगाचा मात्र हाच चरितार्थ आहे. शास्त्रीय परिभाषेंत त्याला चाल्कोएला इफिटालिस म्हणतात. फ्रान्सिस वॉकर या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानें १८५९ सालीं त्याचें वर्णन केलें. पंख पसरले तरी तो जेमतेम दोन सेंटिमीटर भरतो.

पोलिस्टीज वर्गांतील गांधीलमाशा जुनें लाकूड खरवडून तें लाळेंत कालवतात व त्या कागदी लगद्याचें पोळें बांधतात. पोळें उघडें असतें आणि एकाच बारीक देंठावर लोंबतें. हा देंठ माशी आपल्या पोटाच्या ग्रंथींतील स्रावानें माखून ठेवते. मुंग्यांना तो मुळींच खपत नाहीं. पायीं येणाऱ्या शत्रूची वाट अशी बंद होते. पण जो उडत येतो, आणि तोही अंधारांत, त्याला देंठाची काय मातब्बरी?

रात्रीं माशा पोळ्यावर निश्चेष्ट बसून असतात. त्या वेळीं पतंगाची मादी पोळ्यावर किंवा जवळपास अंडीं घालते. अळ्या षट्कोनी खणांत शिरतात, आंतील बाळमाशी खातात आणि तेथेंच रेशीम विणून आपले कोश करतात. गंमत अशी कीं, गांधीलमाशी आपल्या पिलांना पोसते तीच मुळीं सुरवंट चावून भरवून. येथें सुरवंटाच्याच गोतांतला एक जण तिच्या पिलांवर पोसला जातो!

अशा शत्रूपुढें नांगी चालत नाहीं. मग माशीनें करावें काय? ब्राझीलमध्यें पोलिस्टीज कॅनडेन्सिस नांवाची गांधीलमाशी आहे (नांव कॅनडाचें, वस्ती उष्ण कटिबंधांत!). तिच्या पोळ्यांत निराळ्या कुळांतील एका पतंगाच्या अळ्या शिरतात व भिंती पोखरीत खणामागून खण रिकामे करतात. रॉबर्ट जीन या अमेरिकन संशोधकानें १९७९ सालीं या माशीची रीत वर्णिली. ती एकच मोठें पोळें वाढवीत बसत नाहीं. शेजारीं शेजारीं अनेक लहान पोळीं बांधते. एकांतील किडा दुसऱ्यांत सहजासहजीं पोंचत नाहीं. जुन्या घरांत पुनः पिलें वाढवण्याऐवजीं ती नवें घर उभारते. त्यासाठीं लाकूड पुनः खरवडावें लागतें, लगदा पुनः कालवावा लागतो, आणि प्रत्येक नव्या पोळ्याला नवा देंठही माखावा लागतो. कारण मुंग्या कांहीं कोठें गेलेल्या नसतात.