तेरा दिवस आणि एक निरोप



1962 च्या फेब्रुवारीत मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले होते. त्या अष्टग्रहीची आठवण वाशिमकडची जुनी माणसं अजून काढतात. माझी आजी सांगायची, “तवा सारेच म्हनत, आता दुनिया बुडते.” जप झाले, होम झाले, दुनिया काही बुडली नाही. मात्र त्याच वर्षी, आश्विनात, ती खरोखरच काठावर आली, आणि आपल्याकडे त्याचं भान फार थोड्यांना होतं.

कारणही तसंच होतं. 20 ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका. रेडिओपुढे बसणाऱ्यांचे कान नेफा आणि लडाखच्या आघाड्यांकडे लागलेले. पुढच्याच महिन्यात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. अशा वेळी क्युबाची चौकशी कोण करणार?

तिथे, अमेरिकेच्या किनाऱ्यापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर, सोव्हिएत संघाने अण्वस्त्रं नेऊन ठेवली होती. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी 22 ऑक्टोबरला ते जगाला सांगितलं आणि आरमाराने क्युबाची वाट अडवली. शनिवारी, 27 तारखेला, अमेरिकेचं टेहळणी विमान पाडलं गेलं, वैमानिक ठार झाला. आपल्याकडे ते दिवाळीचे दिवस होते. त्याच दिवशी समुद्राखाली बी-59 ही सोव्हिएत पाणबुडी अडकली होती. वर अमेरिकी जहाजं, आत जीव घुसमटवणारा उकाडा, मॉस्कोशी संपर्क नाही, आणि जवळ अणुटॉर्पेडो. कप्तान भडकला होता. वासिली आर्खिपोव या अधिकाऱ्याने त्याला आवरलं. त्या माणसाचं नाव आपल्या मुलांना ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या दिवशी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी अस्त्रं परत नेण्याचं मान्य केलं, आणि तो निरोप मॉस्को रेडिओवरून जाहीर झाला. तारेने पाठवलेलं त्यांचं आधीचं पत्र पोचून वाचून होईपर्यंत जवळपास बारा तास गेले होते. इतका उशीर आता परवडणार नव्हता. अमेरिकेनेही तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं काढून घेण्याचं गुपचूप कबूल केलं. माघार दोघांनी घेतली, म्हणून दोघे वाचले, आणि त्यांच्यासोबत आपणही.

निरोपाला तसा उशीर पुन्हा होऊ नये म्हणून 30 ऑगस्ट 1963 पासून वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट तारयंत्राची सोय सुरू झाली. त्याच महिन्यात हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात अणुचाचण्या न करण्याचा करार झाला. 8 ऑगस्टला भारतानेही त्यावर सही केली.

आज अण्वस्त्रं आपल्याकडे आहेत, शेजाऱ्याकडेही आहेत. 1988 च्या करारानुसार, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला होऊ नये म्हणून, भारत आणि पाकिस्तान त्यांची यादी परस्परांना देतात. 1992 पासून दरवर्षी 1 जानेवारीला ही देवाणघेवाण होते. कारगिल झालं, पुलवामा झालं, तरी ती यादी पुढच्या 1 जानेवारीला गेलीच.