घराचा व्यवहार आणि घरातली शांती
(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आज आम्ही एका घरगुती विषयावर बोलणार आहोत. आपल्या वस्तीत गेल्या काही वर्षांत ज्या घरात बघावे तिथे एकच बोलणे चालू असते. कुणाला परळ-नायगावची खोली विकून कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, विरारला जायचे आहे. कुणाचा मुलगा लग्नाचा झालाय, एका खोलीत भागत नाही. कुणी टोकन देऊन बसलाय, तर कुणी टोकन घेऊन बसलाय. आणि विचारले की प्रत्येकाचे उत्तर एकच, "अजून काही होत नाही हो."

बंधूंनो, आम्ही गिरणी कामगार. घर या वस्तूची किंमत आम्हाला कुणी शिकवायला नको. १९८२ चा संप झाला, पुढे एकेक गिरणी बंद पडली. हातात पैसा नाही, डोक्यावर कर्ज, अशा वेळी किती जणांनी घाईघाईत खोल्या विकल्या, हे या सभागृहातल्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. एकदा गेलेली खोली परत आली नाही. आपल्या माणसाच्या हयातीत असा व्यवहार एकदा, फार तर दोनदा होतो. व्यापाऱ्याचा एक सौदा बुडाला तर तो दुसऱ्यात भरून काढतो. आपण कशात भरून काढणार? म्हणून या व्यवहारात जीव टांगणीला लागतो, झोप उडते, नवरा-बायकोत भांडणे होतात. यात कुणी लाज वाटून घेऊ नये. पण त्यावर उपाय आहे, तो समजून घेतला पाहिजे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. घराच्या व्यवहारात उशीर होणारच. तो कुठे होणार हे अगोदर ओळखा, प्रत्येक कबुलीला कागदावर तारीख घाला, आणि नव्या घराची किल्ली हातात येईपर्यंत जुने छप्पर सोडू नका.

आता उशीर होतो कुठे ते बघू.

पहिला उशीर आपल्याच पेटीतला असतो. घर वडिलांच्या नावावर असते, वडील जाऊन दहा वर्षे झालेली असतात, आणि गिऱ्हाईक दारात आल्यावर आपण कागद शोधायला लागतो. सोसायटीत आईचे नाव नॉमिनी म्हणून लागले म्हणजे घर एकट्या आईचे झाले, असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. मृत्युपत्र नसेल तर वारसांचा हक्क राहतोच. आपल्या बौद्ध समाजालाही १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू आहे. त्या कायद्याने बापाच्या मिळकतीत आई, मुलगा आणि मुलगी यांचा सारखा वाटा असतो, आणि लग्न होऊन गेलेली बहीणही वारस असते. ऐन सह्यांच्या वेळी बहिणीला फोन करून "ये आणि अंगठा दे" म्हणायचे, हे बरोबर नाही. तिला अगोदर घरी बोलवा, हिशेब समोर ठेवा. तिला वाटा हवा असेल तर तो तिचा हक्क आहे. नको असेल तर रीतसर हक्कसोडपत्र करून ते नोंदवून घ्या. बहुतेक व्यवहार इथेच सहा-सहा महिने अडकतात, आणि दोष मात्र आपण एजंटला देतो.

जुना करारनामा हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधकांच्या कचेरीतून नोंदवलेल्या कराराची प्रमाणित प्रत, हे सगळे करावे लागते. त्याला वेळ लागतो. म्हणून घर विकायचे मनात आले की गिऱ्हाईक शोधण्याआधी दोन महिने कागद गोळा करा.

आणि एक. एसआरएची इमारत असो की गिरणी कामगारांच्या सोडतीतले घर असो, ते ठरावीक मुदतीच्या आत किंवा परवानगीशिवाय विकता येत नाही. अशा घराचा सौदा कुणी "मुखत्यारपत्रावर करून देतो" म्हणाला तर हात जोडा आणि घरी या. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट सांगितले आहे. पागडीची खोली असेल तर घरमालकाची लेखी संमती आणि त्याचा वाटा किती, हे पहिल्या दिवशी ठरले पाहिजे.

दुसरा उशीर बँकेचा. गिऱ्हाईक कर्ज काढणार असेल तर बँक कागद वकिलाकडे देते, घराची किंमत काढायला माणूस पाठवते, मग मंजुरी. यात कागद परत आला की आठवडे जातात. घेणाराने तर आधीच हिशेब केला पाहिजे. समजा घर ३० लाखांचे आहे. बँक जास्तीत जास्त ९० टक्के देईल, म्हणजे ३ लाख आपले. मुद्रांक शुल्क ठिकाणाप्रमाणे सहा-सात टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार ते २ लाख १० हजार. नोंदणी फी ३० हजार. झाले ५ लाखांच्या वर, आणि यात दलाली आणि सामान हलवण्याचा खर्च धरलेला नाही. हे पैसे हातात नसताना टोकन दिले की रात्रीची झोप गेलीच समजा. घर फक्त बाईच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ती सवलत तर घ्याच, पण घर तिच्या नावावर असले पाहिजे ते एवढ्याचसाठी नव्हे, हे पुरुष मंडळींनी ध्यानात ठेवावे.

विकणाऱ्याचेच जुने कर्ज असेल तर बँकेकडून किती बाकी आहे आणि कोणते मूळ कागद बँकेकडे आहेत, याचे पत्र आधी आणा. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत दिलेच पाहिजेत, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ सालचा आदेश आहे. आपल्या लोकांना हे माहीत नसते. ते काउंटरवर हात जोडून उभे राहतात. हात जोडू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या.

तिसरा उशीर सोसायटीचा. घर विकायला सोसायटीचा ना-हरकत दाखला सक्तीचा नाही, असे आदर्श उपविधीत आहे. पण बँक तो मागते, म्हणून थकबाकी भरून तो मिळवावा लागतो. हस्तांतरणाचे अधिमूल्य म्हणून महापालिका हद्दीत २५ हजारांपेक्षा जास्त मागता येत नाही. "इमारत फंड", "देणगी" अशी नावे देऊन जास्त मागितले तर लेखी मागा म्हणावे.

इथे एक कडू गोष्ट बोललीच पाहिजे. घर बघायला गेले की आधी आडनाव विचारतात. मग गावाचे नाव, मग "तुम्ही नॉनव्हेज खाता का?" शेवटी "मालकाने बेत बदलला." आपल्याला नकार सरळ मिळत नाही बंधूंनो, तो उशिराच्या रूपाने मिळतो. कमिटीची मीटिंग झाली नाही, सेक्रेटरी गावी गेलेत, रजिस्टर सापडत नाही. आमच्या माहितीतल्या एका सुशिक्षित कुटुंबाला असे कित्येक महिने फिरवले. तेव्हा कायदा माहीत असू द्या. पुरेसे कारण असल्याशिवाय सोसायटीला सभासदत्व नाकारता येत नाही. अर्ज दिल्यापासून तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर तो माणूस सभासद झाला असे सहकार कायदा मानतो. त्यापुढे उपनिबंधकांकडे दाद मागता येते. पण हे केव्हा? तुमच्या हातात तारीख टाकलेली, शिक्का मारलेली पोच असेल तेव्हा. तोंडी बोलण्याला पोच नसते.

चौथा उशीर बिल्डरचा. नव्या इमारतीत घर घेत असाल तर महारेराचा नोंदणी क्रमांक आधी बघा. तिथे ताब्याची तारीख जाहीर केलेली असते. एजंट सांगतो ती तारीख धरू नका, ही धरा. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. करारातल्या तारखेला ताबा मिळाला नाही तर दोन वाटा आहेत. व्यवहार सोडून व्याजासह पैसे परत मागा, किंवा व्यवहारात राहून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचे व्याज मागा. आणि भोगवटा प्रमाणपत्र नसताना "राहायला या हो, पाणी येतंय" असे म्हटले तरी जाऊ नका.

आता कागदाचे चार नियम सांगतो, ते वहीत लिहून घ्या.

एक, टोकन देताना-घेताना पावती करा. त्यात लिहा : करार किती दिवसांत, उरलेली रक्कम कोणत्या तारखेला, कर्ज नामंजूर झाले तर टोकन परत मिळणार की नाही, आणि विकणारा फिरला तर काय. दोन, पैसे चेकने किंवा बँकेतूनच. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणे कायद्याने बंद आहे, घेणारा दंडात सापडतो. तीन, सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत करार नोंदणीला गेला पाहिजे. नंतर दंड भरून मुदत मिळते, पण ती वेळ कशाला आणायची? चार, नोंदणी झाली की सूची क्रमांक दोनची प्रत काढून नाव, मजला, क्षेत्रफळ नीट वाचा. एका अक्षराची चूक पुढे सहा महिने खाते.

जो विकतो आणि त्याच पैशात दुसरे घेतो, त्याचे दुखणे दुप्पट. आपल्या गिऱ्हाइकाचे कर्ज अडले की आपले पैसे अडतात, आपले अडले की पुढच्याचे अडतात. साच्यावर एक धागा तुटला तर आपण काय करायचो? साचा थांबवून गाठ मारायची, मग पुढे. इथेही तसेच. विक्रीच्या करारात ताब्याची तारीख अशी ठेवा की नवीन घराला एक-दोन महिने उशीर झाला तरी कुटुंब रस्त्यावर येणार नाही. तेवढी सवलत मागण्यासाठी किमतीत थोडे कमी घ्यावे लागले तरी घ्या. मधल्या काळात हातात आलेला पैसा मेव्हण्याच्या धंद्याला, गावच्या विहिरीला देऊ नका. दोन वर्षांहून जास्त काळ आपल्या नावावर असलेले घर विकून झालेल्या नफ्यावर कर लागतो. तो वाचवायचा तर तयार घर विक्रीनंतर दोन वर्षांत घ्यावे लागते, बांधायचे तर तीन वर्षांत. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर घेणे झाले नाही तर रक्कम बँकेत भांडवली नफ्याच्या खास खात्यात ठेवावी. एखाद्या जाणकाराला विचारून हे करा.

आता शेवटचे, आणि आमच्या मते सर्वात महत्त्वाचे. कागद थांबतो तेव्हा माणूस घरात चिडतो. एजंट फोन उचलत नाही, त्याचा राग पोरावर निघतो. काही जण बाटली जवळ करतात, आणि मग टोकनमधलेच पैसे जायला लागतात. बायकोला काही सांगायचे नाही, ती विचारते तर "तुला काय कळतंय" म्हणायचे. अहो, दागिना तिचा मोडला, बचत गटाचे कर्ज तिच्या नावावर, आणि तिला कळत नाही? तेव्हा घरात एक वही ठेवा. कुणाला कधी फोन केला, काय उत्तर मिळाले, पुढची तारीख कोणती, सगळे त्यात लिहा. घरातल्या एकाच माणसाने आठवड्यातून ठरलेल्या दिवशी चौकशी करावी. दिवसातून पाच फोन केल्याने फाईल हलत नाही, आपला रक्तदाब मात्र हलतो. रविवारी जेवणे झाल्यावर वही सगळ्यांसमोर उघडा. बाकीचे सहा दिवस तो विषय ताटावर नको.

नवीन घराच्या भरवशावर मुलीच्या लग्नाची तारीख धरू नका, मुलांच्या शाळेचे दाखले काढू नका. म्हाताऱ्या आईला शेवटच्या दिवशी टेम्पोत बसवू नका. चाळीस वर्षांचा शेजार सोडायचा म्हणजे तिच्यासाठी अर्धे आयुष्य सोडणे आहे. तिला आधी दोन-चार वेळा नवीन जागा दाखवून आणा. आणि एखाद्याची झोप महिनाभर उडाली असेल, छातीत धडधडत असेल, मनात नको ते विचार येत असतील, तर तो भित्रा नव्हे, तो आजारी आहे. केईएमसारख्या महापालिकेच्या इस्पितळात त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येते, मराठीतून बोलता येते.

बंधू-भगिनींनो, आमची या सभेपुढे एक सूचना आहे. आपल्या वस्तीत निवृत्त बँक कर्मचारी आहेत, वकिली करणारी मुले-मुली आहेत, कचेरीत आयुष्य काढलेली माणसे आहेत. महिन्यातून एका रविवारी, वंदना झाल्यावर, एक तास विहारात कागद वाचण्यासाठी ठेवावा. ज्याला टोकन द्यायचे आहे, करारावर सही करायची आहे, त्याने सहीच्या आधी कागद घेऊन यावे. चार जणांनी मिळून मोठ्याने वाचावा. यासाठी वर्गणी नको, जाणकार माणसाचा एक तास आणि एक सतरंजी पुरे. एकट्याने उशाखाली ठेवलेला कागद झोप घालवतो, तोच चौघांत वाचला की निम्मे ओझे उतरते. समितीने या सूचनेचा विचार करावा. पहिल्या रविवारी सतरंजी अंथरायला आम्ही हजर राहू.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. जय भीम.