मतदानाच्या आधीची निवडणूक

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



मला भाषणाची सवय नाही. सातवी इयत्ता पास झाले आणि शाळा सुटली. पुढचे शिक्षण संसारात झाले. गेल्या हिवाळ्यात मतदारयाद्या पाहण्यासाठी मंडळाच्या आम्ही तिघी घरोघर फिरलो, म्हणून कार्यवाह बाईंनी हा विषय माझ्या गळ्यात घातला आहे. तेव्हा मी घरच्या भाषेत बोलेन, ते गोड मानून घ्यावे.

१५ जानेवारी २०२६ रोजी, म्हणजे ऐन किंक्रांतीच्या दिवशी, आपल्या मुंबई महापालिकेची निवडणूक झाली. बोटाला शाई लागली. पुष्कळजणींना वाटले, झाली निवडणूक. मला आज एवढेच सांगावयाचे आहे की, त्या दिवशी मतदान झाले. निवडणूक त्याच्या पुष्कळ आधी सुरू झाली होती. प्रभागाची रेषा कोठून जाणार, जागा कोणासाठी राखीव राहणार आणि यादीत कोणाचे नाव असणार, या तीन गोष्टी आधीच ठरतात. त्यांतली रेषा आणि यादी ठरताना सरकार आपल्याकडून हरकती मागवते. जागेच्या सोडतीला आपल्याला हजर राहता येते. पण त्या वेळी आपण स्वयंपाकघरात असतो, आणि मग मतदानाच्या दिवशी विचारतो, "अगंबाई, आपला माणूस कसा नाही उभा?" हे वरातीमागून घोडे झाले.

कोणी म्हणेल, नगरसेवक असला काय नि नसला काय! त्याचा अनुभव आपण नुकताच घेतला आहे. आधीची निवडणूक २१ फेब्रुवारी २०१७ रोजी झाली होती. त्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. त्यानंतर जवळजवळ चार वर्षे महापालिकेत लोकांनी निवडलेले एकही माणूस नव्हते. सारा कारभार प्रशासकाच्या हाती होता. एरवी आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, स्थायी समिती त्यावर प्रश्न विचारते, सभागृहात वादविवाद होतो आणि मग पैसा मंजूर होतो. या काळात मांडणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४ हजार कोटी रुपयांच्या वर होते. घरात नवरा आपणच खर्च लिहितो, आपणच बरोबर म्हणून खूण करतो, तर आपण गप्प बसू का? नवरा प्रामाणिक असेल, तरीही हिशेब दुसऱ्याने पाहिलेला बरा असतो.

त्या दिवसांत आमच्या गल्लीत पाण्याचा दाब कमी झाला. पहाटे उठून हंडाभर पाणी मिळेना. आम्ही बायका माजी लोकप्रतिनिधीकडे गेलो. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, "ताई, आता माझ्या सहीला किंमत नाही." एका कचेरीत गेलो. तेथले साहेब नवीन आले होते. त्यांनी अर्ज ठेवून घेतला. पुन्हा गेलो तेव्हा तेही साहेब बदलले होते. साहेब वाईट होते असे मी म्हणत नाही. पण साहेबाला पाच वर्षांनी आपल्या दारी मत मागायला यावयाचे नसते. नगरसेवकाला यावे लागते. हा फरक फार मोठा आहे.

ही निवडणूक एवढी लांबली कशाने? कोर्टात खटले चालले म्हणून. पण खटले कशाचे होते हे पाहा. पहिला वाद इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांचा. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आधी आयोग नेमून पाहणी करा, मग जागा राखून ठेवा. दुसरा वाद प्रभागांच्या संख्येचा. आपले प्रभाग २२७. एका सरकारने ते २३६ करण्याचा कायदा केला. २०२२ सालच्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या सरकारने तो फिरवून पुन्हा २२७ केले. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, इतर मागासवर्गीयांच्या जागा पूर्वीप्रमाणे ठेवा आणि निवडणुका घ्या. तेव्हा कोठे चक्र फिरले. कायदा बदलतो विधानसभेत. रिकामा हंडा घेऊन उभ्या राहतो आपण.

आता त्या तीन गोष्टी एकेक सांगते.

पहिली गोष्ट रेषेची. प्रभागाची हद्द म्हणजे नकाशावरची एक रेघ. पण तिच्यामुळे एक वस्ती एकगठ्ठा राहते किंवा दोन तुकड्यांत वाटली जाते. आपला शीव कोळीवाडा पाहा. येथे मूळचे कोळी बांधव आहेत, फाळणीनंतर आलेली पंजाबी व सिंधी कुटुंबे आहेत, तामिळ शेजारी आहेत, आणि आमच्यासारखी घाटावरून व कोकणातून आलेली माणसे आहेत. रेघ एका अंगाने काढली तर एका गल्लीचे प्रश्न दोन नगरसेवकांत विभागले जातात, आणि दोघेही म्हणतात, ते काम पलीकडच्याचे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये प्रभागांचा कच्चा आराखडा प्रसिद्ध झाला आणि हरकती मागवल्या. सबंध मुंबईतून पाचशेच्या आसपास हरकती व सूचना आल्या. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे मुंबईची वस्ती १ कोटी २४ लाखांच्या वर आहे. एवढ्या माणसांत पाचशे! भाजीच्या जुडीत एक काडी वाळकी निघाली तर आपण भाजीवालीशी घटकाभर भांडतो.

दुसरी गोष्ट राखीव जागांची. ही सोडत आपल्या भिशीसारखी असते. चिठ्ठ्या टाकतात आणि सर्वांसमक्ष उचलतात. ११ नोव्हेंबर २०२५ रोजी वांद्र्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात ती झाली. २२७ पैकी ११४ जागा स्त्रियांसाठी निघाल्या. अनुसूचित जातींसाठी १५, जमातींसाठी २ आणि इतर मागासवर्गीयांसाठी ६१ जागा होत्या; त्यांतही निम्म्या वा किंचित अधिक स्त्रियांच्या होत्या. हा हक्क आपोआप आला नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने देशातल्या सर्व नगरपालिकांत एकतृतीयांश जागा स्त्रियांना दिल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या, आणि २०१२ साली मुंबईत पहिल्यांदा निम्म्या जागांवर स्त्रिया निवडून आल्या.

यावर काही पुरुष मंडळी हसतात. म्हणतात, बाई नावाला, कारभार नवऱ्याचा. काही ठिकाणी ते खरेही आहे. दारावरची पाटी बाईची आणि आत खुर्चीत भाऊसाहेब, हे आपण पाहिले आहे. पण याचे कारण बाईचे अज्ञान एवढेच नाही. जागा फिरती असते. एक बाई पाच वर्षे खपून नाले, शाळा, दवाखाने समजून घेते, आणि पुढच्या सोडतीत तिचा प्रभाग खुला होतो. मग पक्षाचे पुढारी म्हणतात, "ताई, आता ही पुरुषांची जागा." भगिनींनो, हे साफ चूक आहे. खुली जागा म्हणजे पुरुषांची जागा नव्हे. त्या जागेवर बाईलाही उभे राहता येते. मृणालताई गोरे आणि अहिल्याबाई रांगणेकर १९६१ साली महापालिकेत निवडून गेल्या, तेव्हा स्त्रियांसाठी राखीव जागाच नव्हत्या. पाण्यासाठी भांडून मृणालताईंना लोकांनी 'पाणीवाली बाई' ही पदवी दिली. सुलोचनाबाई मोदी १९५६ साली मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या, त्याही राखीव चिठ्ठीवाचून. २०२६ च्या जानेवारीत महापौरपदाची सोडत महिलेसाठी निघाली, याचा आनंद आहेच. परंतु राखीव जागा ही उंबरठ्याशी ठेवलेली पायरी आहे. पायरीवर बसून राहावयाचे नसते, घरात जावयाचे असते.

तिसरी गोष्ट यादीची, आणि ती माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. १९४८ साली मुंबई महापालिकेची निवडणूक प्रथमच सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांच्या मतांवर झाली. त्यापूर्वी मुख्यतः भाडे वा कर भरणाऱ्याला मत असे, आणि भाड्याची पावती बहुधा पुरुषाच्या नावे असे. पुढे १९५१-५२ सालची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली, तेव्हा उत्तरेकडील प्रांतांत लाखो बायकांनी यादीत आपले नावच सांगितले नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' एवढेच सांगितले. निवडणूक आयोगाने अशा सुमारे २८ लाख बायका यादीतून वगळल्या. नाव नाही तर मत नाही. तो धडा आजही जुना झालेला नाही.

या वेळी मुंबईच्या यादीत १ कोटी ३ लाखांवर मतदार होते. त्यांत पुरुष ५५ लाखांवर आणि स्त्रिया ४८ लाखांवर. मुंबईत पोटासाठी एकटे आलेले पुरुष अधिक, हे खरे. पण दुसरेही एक कारण आम्हांला घरोघर फिरताना दिसले. मुलगी लग्न होऊन येते. रेशनकार्डावर तिचे नाव लागते, गॅसच्या पुस्तकावर लागते, पण मतदारयादीतले नाव माहेरीच राहते. एका घरी आम्ही विचारले तर सासूबाई म्हणाल्या, "अजून वर्षच झाले आहे, घाई काय?" दुसऱ्या घरी सासूचे नाव एका केंद्रावर आणि सुनेचे दुसऱ्याच केंद्रावर. आणि दुसरीकडे पाहा, कच्च्या यादीत दुबार नोंदी अकरा लाखांच्या घरात निघाल्या. एकीचे नाव नाही आणि एकाचे दोनदा, असा हा प्रकार.

येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्या. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. दिल्लीचा आयोग वेगळा. परंतु महापालिकेसाठी वेगळी यादी मुळापासून तयार होत नाही. विधानसभेची जी यादी असते, तीच प्रभागवार वाटतात. म्हणून कच्ची प्रभागयादी लागल्यावर 'माझे नाव नव्याने घाला' म्हणून उपयोग नसतो. तेथे फक्त प्रभाग चुकला, नाव सुटले, छपाईत चूक झाली, एवढेच दुरुस्त होते. नवे नाव विधानसभेच्या यादीत आधीच लागले पाहिजे. त्यासाठी नमुना ६ भरावा. पत्ता बदलला किंवा नावात चूक असली तर नमुना ८. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीत असेल, तर तिनेही नमुना ८ च भरावा. नवीन म्हणून नमुना ६ भरला तर नाव दोन ठिकाणी होते. आणि आता अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींसाठी वर्षातून चार तारखा धरतात. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. म्हणजे वर्षभर थांबावे लागत नाही.

कल्याणला दिलेली आमच्या शेजारच्या काकूंची मुलगी संक्रांतीनंतर आली तेव्हा म्हणाली, "आई, मी चार मते दिली!" काकू घाबरल्या. पण तेथे ते बरोबर आहे. मुंबईत एका प्रभागाला एकच नगरसेवक. इतर महापालिकांत बहुतेक प्रभागांना चार. हेही राज्याचा कायदा ठरवतो आणि गेल्या पंचवीस वर्षांत तो कितीदा तरी बदलला आहे. चार जणांत जबाबदार कोण, हे शोधणे अवघड जाते. आपल्याकडे एकच माणूस आहे, तेव्हा त्याला विचारण्याची सोय आहे. ती सोय वापरली पाहिजे.

आमच्यातल्या एक वडील मावशी मला म्हणाल्या, "बाई ग, मंडळात राजकारण आणू नकोस. भांडणे होतील." त्यांचे भय खोटे नाही. या सभेत निरनिराळ्या पक्षांना मत देणाऱ्या भगिनी बसल्या आहेत, आणि मी कोणाला मत द्यावे हे सांगणार नाही. परंतु मावशी, कोणत्या पक्षाला मत द्यावे हा एक प्रश्न, आणि आपले मत शाबूत आहे की नाही हा दुसरा. पहिल्याचे उत्तर प्रत्येकीने आपल्या मनाशी द्यावे. दुसऱ्याचे उत्तर मंडळानेच शोधले पाहिजे. ते काम वाळवणासारखे आहे. एकटीने होत नाही, चौघी जमल्या की हसतखेळत होते.

म्हणून मंडळापुढे मी तीन कामे ठेवते. एक, दर जुलैत प्रत्येक गल्लीतून दोन बायकांनी यादी तपासावी आणि नव्या सुनांची व अठरा वर्षांच्या मुलींची नावे आधी पाहावी. दोन, आपल्या प्रभागाचा नकाशा मंडळाच्या खोलीत भिंतीवर लावावा. २०२७ साली शिरगणती ठरली आहे; तिच्या आकड्यांवरून पुढे केव्हातरी या रेघा पुन्हा आखल्या जातील. त्या वेळी आपल्या वस्तीची एक तरी नीट लिहिलेली हरकत वा सूचना गेली पाहिजे. तीन, निवडून आलेल्या नगरसेवकाला वा नगरसेविकेला वर्षातून एकदा येथे बोलावून, हार न घालता, वर्षाचा हिशेब विचारावा. बाई असली तर तिलाच माईक द्यावा आणि भाऊसाहेबांना पहिल्या रांगेत बसवावे.

पाच वर्षे म्हणजे पुष्कळ वाटतात. पण मुलगी पहिलीत घालावी आणि ती पाचवी पास होऊन बाहेर पडावी, एवढाच तो काळ. तेवढ्यात आपल्यापैकी एखादीने वाचून, विचारून, कचेऱ्या पाहून तयार व्हावे, आणि पुढच्या वेळी, जागा राखीव असो वा खुली, उमेदवारी मागावी. मंडळ तिच्या पाठीशी उभे राहील, असा शब्द आज येथे आपण एकमेकींना द्यावा, अशी माझी विनंती आहे.



जय हिंद! जय महाराष्ट्र!