टाकळा : रानाची भाजी, गरिबाचे औषध



पगार, बोनस, भरपाई हे शब्द ज्याच्या तोंडी सदा, त्याने टाकळ्यावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण ही भाजी ज्यांच्या पानात गरजेने आली, त्यांच्यातच मी वावरलो आहे.

पाऊस लागला, की रस्त्याच्या कडेला, पडीत, उकिरड्यावर टाकळा उगवतो. तो पेरावा लागत नाही, राखावा लागत नाही. घरातली कणगी तळाला लागते, तेच हे दिवस. कोवळा पाला खुडावा, लसूण, मिरची, कांद्याच्या फोडणीत परतावा, ठेचलेल्या आठळ्या किंवा भिजलेली चणाडाळ घालावी, वर ओले खोबरे पेरावे. पाला जून झाला, की उग्र लागतो आणि पोट ढाळतो. मग त्याच्या वाटेस जाऊ नये.

संस्कृतात याला चक्रमर्द म्हणतात, दद्रुघ्नही म्हणतात. दद्रु म्हणजे गजकर्ण. टाकळ्याचे बी आंबट ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून त्यावर लावण्याची जुनी रीत आहे. ती निव्वळ भाबडी समजूत नव्हे. या बियांतील काही द्रव्ये बुरशीची वाढ रोखतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे.

आता गिरणीकडे पाहा. सूत तुटू नये म्हणून मागखात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवीत. अंगावर घामाचे कपडे, चाळीच्या एका खोलीत माणसांची दाटी, पावसात न वाळणारी धुणी. गजकर्णाला आणखी काय हवे? लेप ठाऊक असलेला माणूसही लेप लावून पुन्हा त्याच खात्यात जाई. औषध रानाने दिले. कोरडा कपडा आणि मोकळी हवा देणे हे रानाचे काम नव्हते. म्हणून झाडपाल्याचे गोडवे गाऊन कोणी गरिबाचा डॉक्टर काढून घेऊ नये.

सावधगिरीचे दोन शब्द. टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या तीन जोड्या, टोके बोथट. त्याच्या जातीचा कासविंदा टोकदार पानांचा. त्याच्या बिया खाऊन पश्चिम उत्तर प्रदेशात मुले दगावल्याची नोंद आहे. तणनाशक फवारलेल्या जागेचा पालाही खाऊ नये.

आणि पावसाळ्यात बाजारात टाकळ्याची पाटी घेऊन बसलेल्या बाईशी घासाघीस करू नका. टाकळा फुकट उगवतो. चिखलात वाकून तो खुडणे, निवडणे आणि इथवर वाहून आणणे हे श्रम आहेत, आणि श्रमाला दाम असतो.