भागधारकांपुढे योजना कशी मांडावी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या व्यासपीठावर कारखानदारीचा विषय क्वचितच येतो. परंतु आपले कितीतरी तरुण आज पवई, विक्रोळी, मुलुंड या पट्ट्यातील कंपन्यांत जबाबदारीच्या जागी आहेत, आणि कंपनीने पुढे कोणता मार्ग धरावा याचा अहवाल तयार करून तो वरिष्ठांपुढे मांडण्याचे काम त्यांच्याकडे येते. असे अहवाल मी पुष्कळ ऐकले. आकडे विपुल, तक्ते सुबक. पण ज्याच्या पोटापाण्यावर परिणाम व्हावयाचा त्याचा उल्लेखही नाही, असाच बहुतेकांचा प्रकार! म्हणून आपल्या उपनगरातीलच एक उदाहरण आपणापुढे ठेवतो.

होल्क-लार्सन आणि टूब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांनी 1938 साली मुंबईत सुरू केलेल्या लार्सन अँड टूब्रोचे नाव पवईकरांस सांगावयास नको. कंपनीचा मुख्य पिंड अभियांत्रिकीचा. पुढे सिमेंटही आले. सिमेंटचा धर्म मात्र निराळा. भट्टी उभारावयास अफाट भांडवल हवे, आणि भाव बाजाराच्या लहरीवर. 1965 मध्ये कनिष्ठ अभियंता म्हणून याच कंपनीत लागलेले श्री. नाईक 1999 मध्ये तिचे मुख्य कार्यकारी झाले, तेव्हा या जोडधंद्याचे करावयाचे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता.

तोच नोव्हेंबर 2001 मध्ये रिलायन्सने आपल्याजवळचे सुमारे 10 टक्के भाग बिर्ला समूहाच्या ग्रासिम कंपनीस प्रत्येकी 306 रुपये 60 पैशांना विकले. बाजारभाव त्याहून पुष्कळ खाली होता. पुढच्या वर्षी ग्रासिमने सर्वसाधारण भागधारकांना देऊ केला तो भाव 190 रुपयांचा! लहान भागधारक रुष्ट झाला यात नवल ते काय?

जून 2003 मध्ये तडजोड ठरली. सिमेंटचा व्यवसाय स्वतंत्र कंपनीत काढावा, तिचे नियंत्रण ग्रासिमकडे जावे, आणि ग्रासिमजवळचे लार्सनचे भाग कर्मचाऱ्यांच्या न्यासाने विकत घ्यावे. लार्सनच्या दर पाच भागांमागे भागधारकास नव्या कंपनीचे दोन भाग. 2004 मध्ये हे सारे अमलात आले. ती नवी कंपनी म्हणजे अल्ट्राटेक. अंधेरीत महाकाली मार्गाने जाणाऱ्यांनी तिच्या कचेरीची पाटी पाहिली असेल.

या योजनेचे मला कौतुक वाटते ते एका गोष्टीसाठी. संचालक, भागधारक, ग्रासिम आणि पवईचा कर्मचारी, या प्रत्येकास आपल्या पदरात काय पडणार ते दोन वाक्यांत सांगता येत होते. कर्मचारी तर केवळ ऐकणारा राहिला नाही. न्यासाच्या द्वारे तो मालकीचा वाटेकरी झाला. 306 रुपयांच्या भावाची तक्रार त्यामुळे मिटली असे मात्र मी म्हणणार नाही. तो भाव लहान भागधारकास मिळाला नाही, आणि सिमेंट कारखान्यांतील कामगारांना तर नवा धनी मिळाला. आपल्या योजनेने कोणाचे समाधान होणार नाही, हेही मांडणाऱ्याने आपणहून सांगावे. तसे न केल्यास सभेत दुसरा कोणी उठून सांगतो, आणि मग उरलेले आकडे कोणी ऐकत नाही.

आता घरचे. आपल्या मुलुंडच्या वास्तूच्या पुनर्विकासाचा अहवाल लवकरच सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे. मंडळ सार्वजनिक न्यास असल्याने जागेचा हक्क कोणास द्यावयाचा तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती मिळविणे कार्यकारी समितीचे काम, आणि ती ते करील. परंतु सल्लागारांनी तयार केलेल्या मसुद्यात चटईक्षेत्राची पाने आहेत, वाहनतळाचा नकाशा आहे, विकसकाच्या नफ्याचेही गणित आहे. वसतिगृहातील मुलांसाठी एक ओळही नाही. गावाकडून शिकावयास आलेली ही मुले, ज्यांना मुंबईत दुसरा आसरा नाही, बांधकामाच्या काळात कोठे राहतील, त्यांचे भाडे कोण भरील, आणि नव्या इमारतीत त्यांच्या खाटा तितक्याच राहतील काय, याचे उत्तर अहवालाच्या पहिल्याच पानावर यावे, अशी लेखी सूचना मी कार्यवाहांकडे दिली आहे. तिची प्रत कार्यालयात आहे. ज्यांना पटेल त्यांनी सभेपूर्वी तिच्यावर सही करावी.