‘मिकासा’च्या तोफा



जतन केलेली युद्धनौका पाहावयास गेलेल्या माणसाची पावले आपोआप तोफांकडे वळतात. इंजिनघरात उतरणारे थोडे. तोफेशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेणारे मात्र सर्वच! म्हणून आज तोफांविषयीच बोलणार आहे.

टोकियोनजीक योकोसुका येथे ‘मिकासा’ ही युद्धनौका उभी आहे. बांधणी ब्रिटनमधील. २७ मे १९०५ रोजी त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत अ‍ॅडमिरल तोगो यांनी याच नौकेवरून नेतृत्व करून रशियाच्या बाल्टिक आरमाराचा धुव्वा उडविला. एका आशियाई राष्ट्राने युरोपीय महासत्तेला समुद्रावर धूळ चारली, या वार्तेने पारतंत्र्यातील हिंदुस्थानही रोमांचित झाला होता. ‘मिकासा’च्या मुख्य तोफा चार, बारा इंची, एकेक गोळा सुमारे ३८६ किलोचा.

आज तेथे दिसणाऱ्या या चार तोफा मूळच्या नाहीत, प्रतिकृती आहेत. १९२६ साली नौकेचे स्मारक झाले. पण दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर तोफा, डोलकाठ्या, धुरांडी सारे उतरविण्यात आले आणि विजयाच्या या साक्षीदारावर मत्स्यालय व नृत्यगृह थाटले गेले! पराभूत राष्ट्राच्या स्मृतींची अशी विटंबना होते. पुढे जीर्णोद्धाराची चळवळ उभी राहिली. तिला पाठिंबा कोणी द्यावा? पॅसिफिक महासागरात जपानशी लढलेल्या अमेरिकन आरमाराचे सेनापती निमित्झ यांनी! तरुणपणी ते तोगो यांना भेटले होते. भंगारात निघालेल्या चिलीच्या एका युद्धनौकेचे सुटे भाग बसविले गेले आणि २७ मे १९६१ रोजी, विजयाच्याच तिथीस, नौका पुन्हा खुली झाली.

आता आपल्या ‘विक्रांत’कडे वळू. १९७१च्या युद्धात पूर्व पाकिस्तानची सागरी नाकेबंदी करणारी ही विमानवाहू नौका. तिच्यावरही बोफोर्सच्या ४० मिलिमीटर विमानविरोधी तोफा होत्या. १९९७ साली ती निवृत्त झाली, २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून खुली होती. कितीतरी कुटुंबांनी मुलांना तिच्या डेकवरून फिरविले असेल. २०१२ साली ते बंद झाले. देखभालीचा खर्च परवडत नाही, असे कारण देण्यात आले. सुमारे ६० कोटी रुपयांना लिलाव होऊन २०१४ साली ती तोडावयास गेली. येथे ना पराभव झाला होता, ना कोणा परक्याने तोफा उतरविण्याची आज्ञा दिली होती.

तिच्या धातूचे एक शिल्प २०१६ साली मुंबईत नौदल गोदीजवळ उभारले गेले. काही धातू मोटारसायकलींच्या कारखान्यात गेला.